आयकॉन आधी सगळ्यात लहान करून बघा

मी जळगावात बसून केळीच्या व्यापाऱ्यांसाठी ॲप करते. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर हा माझा पट्टा. काम एकच, पण शेतकऱ्याच्या हातात अँड्रॉइड फोन असतो आणि पेढीवर काट्याशेजारी विंडोजचा जुना कॉम्प्युटर. एखाद्या शेठचा मुलगा पुण्याला असतो, मग आयफोनचंही बघावं लागतं. चित्रं तीच, मापं मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. त्यात घोळ होऊ नये म्हणून मी काय करते ते सांगते.

आयकॉन काढताना तो मोठ्या स्क्रीनवर बघून खूश होऊ नका. डिझायनर ५१२ पिक्सेलवर केळं काढतो, सावली देतो, देठाला तपकिरी छटा देतो. ॲपच्या खालच्या पट्टीत तेच २४ डीपीत कोंबलं जातं. (डीपी हे अँड्रॉइडचं माप, स्क्रीनवर पिक्सेल कमी-जास्त असले तरी साधारण तेवढंच दिसणारं.) चोपड्याकडच्या एका व्यापाऱ्याने असं चित्र बघून मला विचारलं, "ताई, हाई केय शे का मिरची?" त्यांचं बरोबरच होतं. एकटं, बाकदार, टोकाला निमुळतं असं काहीही लहान मापात मिरचीच दिसतं, आणि नंदुरबार शेजारी असताना लोकांना आधी मिरचीच आठवणार. मग केळ्यांची फणी काढली. केळी तीनच, दोन केळ्यांमध्ये २४ च्या चौकटीतल्या पूर्ण २ घरांची फट, देठ जाड आणि चौकोनी, सावली अजिबात नाही. आता ती लहान मापातही ओळखू येते. एवढं झालं की फोन घेऊन बाहेर उन्हात जा. मे महिन्यातल्या दुपारी पांढऱ्यावरचा फिका पिवळा पार नाहीसा होतो. गडद हिरव्यावर तो टिकतो. शेतकरी ॲप बांधावर उघडतो, एसीत नाही.

व्यापाऱ्याला आयकॉनमध्ये दुकानाचं पूर्ण नाव हवं असतं, जमलं तर वर "श्री" आणि खाली प्रोप्रायटरही. ते बिलावर ठेवा. ॲपच्या आतल्या मोठ्या लोगोत नाव घालायचंच असेल, तर अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकृतीत, रूपांतर करून घ्या. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की अक्षरांचं वळण बदलतं, कधी जोडाक्षरंही फुटतात. रूपांतर करण्याआधीची प्रत मात्र जपून ठेवा, कारण पाथ झालेल्या मजकुरातली वेलांटी नंतर दुरुस्त करता येत नाही.

मूळ फाईल एकच ठेवायची. माझ्याकडे प्रोजेक्टमध्ये "मूळ" नावाचा फोल्डर आहे, त्यात फक्त एसव्हीजी, म्हणजे कितीही लहान-मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र. ते काढायचं इंकस्केप फुकट मिळतं आणि कमांड लाईनवरूनही चालतं, त्यामुळे सगळी मापं एक छोटी स्क्रिप्ट काढून देते. निघालेल्या पीएनजीला, म्हणजे पिक्सेलच्या चित्रांना, कुणी हात लावायचा नाही. रंग बदलायचा असेल तर मुळात बदला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

अँड्रॉइडचं गणित सोपं आहे. एमडीपीआय म्हणजे १६० डीपीआय, इंचाला १६० पिक्सेल, हा पाया. त्याच्यावर दीडपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. म्हणून ४८ डीपीच्या लाँचर आयकॉनला (ज्यावर दाबून ॲप उघडतं तो) ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेल लागतात. हे प्रोजेक्टमधल्या "मिपमॅप" नावाच्या फोल्डरांत जातात. ॲपच्या आतल्या साध्या, एकरंगी खुणांसाठी मात्र व्हेक्टर ड्रॉएबल (अँड्रॉइडचं रेषांचं चित्र) वापरा, म्हणजे पाच प्रती काढायचा व्याप उरत नाही. व्हेक्टर २०० डीपीच्या आत ठेवा. त्याहून मोठं, बारीक नक्षीचं चित्र फोनला दरवेळी गणित करून रंगवावं लागतं, तिथे वेबपी हा कमी जागेत बसणारा पिक्सेल-चित्राचा प्रकार बरा. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून सगळीकडची ॲप काढणारं साधन) काम करत असाल तर दुप्पट-तिप्पट प्रतींचे फोल्डर वेगळे करून त्याच्या पबस्पेक फाईलमध्ये नोंद करा, आणि तिथे ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस सांभाळा.

अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, लाँचर आयकॉन दोन थरांचा झाला: मागे पार्श्वभूमी, पुढे चित्र. दोन्ही थर १०८ डीपीचे, त्यातले मधले ७२ दिसतात, आणि आकार गोल की चौकोनी हे फोनची कंपनी ठरवते. ६६ डीपी व्यासाच्या वर्तुळात जे बसेल तेच कुठल्याही फोनवर शाबूत राहतं. फणीचा देठ त्याच्या बाहेर गेला तर कुणाच्या तरी फोनवर तो कापला जाणारच. स्वतः गोल कापून देऊ नका. आयफोनला १०२४ चा पूर्ण चौरस द्या, पारदर्शक भाग नको, कोपरेही आपण गोल करायचे नाहीत. ते काम सिस्टीम करते.

नोटिफिकेशनचा छोटा आयकॉन हे वेगळंच प्रकरण आहे. अँड्रॉइड त्यातला रंग बघतच नाही, फक्त कुठे पारदर्शक आहे आणि कुठे नाही एवढंच बघतं. रंगीत चौकोनी लोगो तसाच दिला की वरच्या पट्टीत नुसता ठोकळा दिसतो. पांढरी आकृती, पारदर्शक पार्श्वभूमी, बस.

खरा त्रास फोटोंचा. आमच्या ॲपमध्ये करपा आणि सीएमव्ही (एक विषाणूजन्य रोग) हे केळीचे रोग ओळखण्यासाठी पानांचे फोटो आहेत. फोनने काढलेला ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर ३-४ एमबीचा दिसतो म्हणून माणूस निर्धास्त राहतो. स्क्रीनवर दाखवताना मात्र प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: ४००० गुणिले ३००० गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी मेमरी. असे चार फोटो एका पानावर आले की स्वस्तातला फोन ॲप बंद करून मोकळा होतो. तोच फोटो १०८० बाय ८१० केला तर साधारण साडेतीन एमबीत भागतं.

त्यातही एक छुपा खड्डा आहे. नुसत्या "ड्रॉएबल" फोल्डरमध्ये टाकलेलं चित्र अँड्रॉइड एमडीपीआयचं समजतं. तिप्पट घनतेच्या फोनवर ते लांबी-रुंदीला तिप्पट ताणलं जातं आणि मेमरी नऊपट लागते. १००० बाय १००० चं चित्र, ४ एमबीचं, तिथे ३६ एमबी खातं. फोटो "नोडीपीआय" फोल्डरमध्ये टाका, म्हणजे ताणाताणी होत नाही.

पण फोटो पिळायचे म्हणून किती पिळणार? करप्याच्या सुरुवातीला पानावर बारीक पिवळसर रेघा असतात. दर्जा फार उतरवला की त्या रेघा पुसल्या जातात, नाहीतर कॉम्प्रेशनचे ठोकळेच डागांसारखे दिसू लागतात. निरोगी पान रोगी दिसणारा फोटो देण्यापेक्षा ॲप जरा जड झालेलं परवडलं. मी वेबपीचा दर्जा ८० धरून सुरुवात करते आणि केळीतल्या जाणत्या माणसाला फोनवरच दाखवते. फोटोत लपलेली जागेची माहितीही काढून टाका, नाहीतर कुणाच्या शेतातला रोग ॲपमधून गावभर जाहीर होईल. फोटो सतत बदलणारे असतील तर ते ॲपमध्ये भरूच नका, सर्व्हरवरून आणा.

विंडोजला आयकॉनसाठी एक आयसीओ प्रकारची फाईल लागते आणि तिच्या पोटात अनेक मापं: १६, २४, ३२, ४८, २५६. पेढीवर डिस्प्ले १२५ टक्क्यांवर ठेवलेला असतो, चष्म्याचा नंबर वाढलेला, त्यामुळे १६ च्या जागी २० लागतो, तोही घाला. १६ चा आयकॉन आपोआप लहान केलेला वापरू नका, त्याचं वेगळं मूळ चित्र काढा, दोनच केळ्यांचं. नवा आयकॉन घालूनही जुनाच दिसत असेल तर बिल्डवर खापर फोडण्याआधी विंडोजची आयकॉन कॅश, म्हणजे त्याने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, साफ करा. मॅकला सगळ्या मापांचा आयकॉनसेट फोल्डर आणि त्यातून एक आयकॉन फाईल बनवणारी आयकॉनयुटिल कमांड. १६ पासून १०२४ पर्यंत, एवढंच.

फाईलची नावं अँड्रॉइडच्या नियमाने ठेवा, मग ती सगळीकडे चालतात: रोमन लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, सुरुवात अक्षराने. मोठं अक्षर विंडोजवर खपून जातं आणि लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर अडतं. नाव कामावरून द्या, दिसण्यावरून नको. "पिवळं बटण" उद्या हिरवं होतं, "बाजारभाव" बाजारभावच राहतो. मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवून लिहून ठेवा. केळी एकाने एका "आय"ने संपवली आणि दुसऱ्याने दोन "ई"ने, की एकच चित्र दोनदा ॲपमध्ये जातं.

नको असलेली चित्रं अँड्रॉइड स्टुडिओचा लिंट, म्हणजे कोडमधल्या चुका तपासणारं साधन, शोधून देतो. त्याच्यावर डोळे झाकून पुसू नका, कारण कोडमध्ये नाव जुळवून मागवलेलं चित्र त्याला बिनवापराचं वाटू शकतं. आणि "मूळ" फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा: कुठला आयकॉन कुठून घेतला, परवाना काय. गुगलचे मटेरियल आयकॉन अपाचे २.० परवान्याखाली आहेत, ते बिनधास्त वापरा. सर्चमध्ये सापडलेला केळीच्या घडाचा फोटो उचलू नका. यावलच्या रस्त्याला गाडी थांबवा, बागवाल्या दादांना विचारा आणि स्वतः काढा.