कोरड्या विहिरीचा खर्च कुठं टाकायचा? तेल-वायू अकाउंटिंग शिकताना या चुका टाळा

मराठवाड्यात तेल निघत नाही. बहुतेक भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे आणि आपण त्यात बोअर मारतो ते पाण्यासाठी. त्यामुळे लातूर, नांदेड, परभणीच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांसमोर सीएमएच्या अभ्यासात, एमबीएत किंवा एम.कॉम.च्या प्रोजेक्टमध्ये तेल-वायू कंपन्यांचं अकाउंटिंग आलं, की विषय परका वाटतो. परका वाटला की एन्ट्र्या पाठ केल्या जातात, आणि घोडं पेंड खातं ते तिथंच. या विषयात खर्च कशावर झाला यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर झाला हे आधी बघावं लागतं. रिग तीच, मजूर तेच, रक्कमही तीच; पण विहीर शोधासाठी खणली की उत्पादनासाठी, यावर खर्च नफा-तोट्यात जाणार की ताळेबंदात बसणार हे ठरतं.

टप्पा न बघता एन्ट्री करणं

टप्पे साधारण पाच: परवाना मिळण्याआधीचा, हक्क विकत घेण्याचा, शोध आणि मूल्यमापनाचा, विकासाचा आणि उत्पादनाचा. पुष्कळ विद्यार्थी "तेल कंपनी आहे ना, मग इंड एएस (भारतीय लेखा मानक) १०६" असं डोळे झाकून लिहितात. इंड एएस १०६ फक्त शोध आणि मूल्यमापनाच्या टप्प्यापुरतं आहे. परवान्याआधीचा खर्च त्यात येत नाही. साठा काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि व्यापारीदृष्ट्या परवडणारं आहे हे दाखवता आलं, की पुढचा खर्चही त्यात येत नाही. तिथून इंड एएस १६ आणि ३८ लागतात. रिफायनरीच्या गणितात इंड एएस १०६ लिहिणाऱ्याचे मार्क जातात, आणि ते जायलाच हवेत.

उपाय साधा आहे. गणितातल्या प्रत्येक रकमेसमोर समासात पेन्सिलीनं टप्पा लिहा, मगच जर्नलला हात घाला.

सक्सेसफुल एफर्ट्स आणि फुल कॉस्ट यांची खिचडी

केज किंवा औशाकडच्या एखाद्या शेतकऱ्यानं चार बोअर मारले, तीन कोरडे गेले आणि चौथ्याला पाणी लागलं असं समजा. पारावर तो सांगताना चारही बोअरचा खर्च धरूनच "एवढ्याला पाणी पडलं" असं म्हणेल. हा फुल कॉस्टचा विचार झाला: कोरड्या विहिरी म्हणजे पाणी सापडण्याचीच किंमत, म्हणून सगळा खर्च मालमत्तेत. सक्सेसफुल एफर्ट्स पद्धत मात्र फक्त पाणी लागलेला बोअर मालमत्तेत धरते. बाकीचे तीन त्याच वर्षाच्या तोट्यात.

आता आकडे घ्या. कंपनीनं प्रत्येकी ४० कोटींच्या तीन शोध विहिरी खणल्या, एकीतच तेल लागलं. सक्सेसफुल एफर्ट्समध्ये ८० कोटी नफा-तोटा पत्रकात जातात आणि ४० कोटी ताळेबंदात राहतात. फुल कॉस्टमध्ये १२० कोटी ताळेबंदातच राहतात. पहिल्या वर्षीच्या नफ्यात ८० कोटींचा फरक पडतो, पण तो कायमचा नाही. फुल कॉस्टवाल्या कंपनीला हेच ८० कोटी पुढं डिप्लीशनमधून, म्हणजे तेल काढलं जाईल तसा बसणाऱ्या घसाऱ्यातून, हळूहळू सोसावे लागतात. परीक्षेत "कोणत्या पद्धतीत नफा जास्त?" असं विचारलं, तर कोणत्या वर्षी हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

इथं आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, खणकाम चालू असतानाच खर्च तोट्यात टाकणं. सक्सेसफुल एफर्ट्समध्येसुद्धा शोध विहिरीचा खर्च निकाल लागेपर्यंत 'चालू शोध विहिरी' या खात्यात थांबतो. विहीर कोरडी ठरली, की तो त्या वर्षीच्या तोट्यात जातो. मात्र अनिश्चित काळ थांबवूनही चालत नाही. खणकाम संपून दोन वर्षं उलटली, तरी साठा सिद्ध आहे आणि पुढच्या विकासाची योजना आहे असं दाखवता येत नसेल, तर खर्च काढून टाकावा लागतो. सर्वेक्षणाचा म्हणजे सिस्मिकचा खर्च मात्र या पद्धतीत आल्या आल्या तोट्यात; त्याला थांबा नाही.

दुसरं, विकास विहीर कोरडी निघाली की तीही तोट्यात टाकणं. सक्सेसफुल एफर्ट्सच्या मूळ नियमानुसार विकास विहिरीचा खर्च कोरडी निघाली तरी मालमत्तेतच राहतो, कारण ती सिद्ध झालेल्या साठ्यावर, उत्पादनाच्या व्यवस्थेचा भाग म्हणून खणलेली असते. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त मार्क खाणारी चूक हीच.

तिसरं, अमेरिकन पुस्तकातली चौकट जशीच्या तशी भारतीय उत्तरात उतरवणं. अमेरिकेत १९७७ साली फक्त सक्सेसफुल एफर्ट्स सक्तीची करण्याचा प्रयत्न झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या शेअर बाजार नियामकानं दोन्ही पद्धतींना मुभा दिली. आपल्याकडे ओएनजीसी सक्सेसफुल एफर्ट्स वापरते. रिलायन्स पूर्वी फुल कॉस्ट वापरायची, इंड एएस स्वीकारताना तीही सक्सेसफुल एफर्ट्सकडे वळली. या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातलं लेखा धोरणांचं प्रकरण कुठल्याही गाइडपेक्षा जास्त शिकवतं, आणि ते फुकट मिळतं.

डिप्लीशनच्या भाजकात चुकीचा साठा

विहिरींवर घसारा वर्षांवर नाही, काढलेल्या मालावर बसतो. ६०० कोटींच्या विहिरी, वर्षाच्या सुरुवातीला विकसित सिद्ध साठा (म्हणजे आहे त्याच विहिरींतून काढता येणारा) २ कोटी बॅरल, वर्षातलं उत्पादन २० लाख बॅरल. डिप्लीशन: ६०० × २० ÷ २०० = ६० कोटी.

गणितात बहुधा एकूण सिद्ध साठाही मुद्दाम दिलेला असतो, उदाहरणार्थ ५ कोटी बॅरल. तो भाजकात घातला की उत्तर २४ कोटी येतं आणि नफा ३६ कोटींनी फुगतो. विहिरींसाठी विकसित साठाच का? कारण उरलेले ३ कोटी बॅरल बाहेर काढायला अजून नव्या विहिरी लागणार आहेत आणि तो पैसा खर्चच झालेला नाही. हक्क विकत घेण्याच्या खर्चाला मात्र एकूण सिद्ध साठा लागतो, कारण तो खर्च सगळ्याच तेलासाठी झालेला असतो.

वर्षअखेरचा साठा दिला असेल तर त्यात वर्षाचं उत्पादन मिळवायला विसरू नका. वरच्या उदाहरणात अखेरचा साठा १८० लाख बॅरल. सरळ २० ÷ १८० केलं तर ६६.६७ कोटी येतात, आणि ते चूक आहे. साठ्याचा अंदाज बदलला तर मागच्या वर्षांचं डिप्लीशन उकरायचं नाही. तो अंदाजातला बदल आहे, परिणाम पुढच्या वर्षांवर. पद्धतच बदलली, तर मात्र मागं जावं लागतं.

एम म्हणजे दहा लाख नव्हे

वायूच्या मोजमापात एक एम म्हणजे हजार आणि दोन एम म्हणजे दहा लाख. एमसीएफ म्हणजे हजार घनफूट. याला दहा लाख समजलात, तर उत्तर थेट हजारपट चुकतं. त्यात आपली लाख-कोटींची सवय, म्हणून गोंधळ दुप्पट. एक बॅरल सुमारे १५९ लिटर, एक टन कच्चं तेल साधारण सव्वासात ते साडेसात बॅरल, आणि सहा हजार घनफूट वायू ढोबळमानानं एका बॅरलइतका. एवढं वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. हे शेवटचं गुणोत्तर ऊर्जेचं आहे, किमतीचं नाही. त्यावरून वायूचा विक्रीभाव काढायला जाऊ नका.

विहीर बंद करण्याचा खर्च शेवटी दाखवणं

प्लॅटफॉर्म काढून जागा पूर्ववत करण्याचा खर्च वीस वर्षांनी होणार असला, तरी जबाबदारी आज उभी राहते. ५०० कोटी, २० वर्षं, ८ टक्के दर: आजचं मूल्य सुमारे १०७.२७ कोटी. एवढी रक्कम मालमत्तेत नावे आणि तरतुदीत जमा. पहिल्या वर्षअखेरीस तरतूद ८.५८ कोटींनी वाढते आणि ही वाढ वित्तीय खर्चात जाते. विद्यार्थी ती घसाऱ्यात टाकतात, किंवा पाचशेच्या पाचशे कोटी पहिल्याच दिवशी तरतुदीत घालून मोकळे होतात. मालमत्तेत मिळवलेल्या १०७.२७ कोटींवर डिप्लीशन बसतं, हे तर हमखास राहतं.

भागीदारी आणि सरकारचा वाटा

यासाठी आपल्याला घराजवळचं उदाहरण आहे. पैठण रस्त्यावर चितेगावला ज्यांचा कारखाना होता, त्या व्हिडिओकॉनकडे रव्वा तेलक्षेत्रात २५ टक्के हिस्सा होता. पैठणची गोदावरी जिथं समुद्राला मिळते, त्या आंध्रच्या किनाऱ्यासमोर हे क्षेत्र आहे. बाकीचे भागीदार ओएनजीसी ४०, केर्न २२.५ आणि रव्वा ऑइल १२.५ टक्के, आणि कामकाज केर्नच्या हातात. टीव्ही-फ्रिज बनवणारी कंपनी इथं स्वतः विहीर चालवत नव्हती, तरी अशा संयुक्त कामात भागीदाराला मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च यांतला आपला वाटा आपल्याच पुस्तकात ओळीओळीनं घ्यावा लागतो. सगळं मिळून 'गुंतवणूक' अशी एक ओळ टाकली की चुकलं.

सरकारशी केलेल्या उत्पादन वाटणी करारात आधी कॉस्ट पेट्रोलियममधून (खर्चापोटी राखलेल्या तेल-वायूतून) खर्च वसूल होतो, मग उरलेलं प्रॉफिट पेट्रोलियम सरकार आणि कंपनीत वाटलं जातं. सरकारचा हा वाटा प्राप्तिकर नाही. आणि करारातली खर्चवसुली म्हणजे पुस्तकातला खर्चही नाही: कोरडी विहीर नफा-तोट्यात गेली, तरी कराराच्या हिशेबात ती वसुलीसाठी उभी राहू शकते. दोन हिशेब, दोन कागद. २०१६ च्या नव्या धोरणात महसूल वाटणी आली, तिथं कॉस्ट पेट्रोलियमचा प्रश्नच येत नाही. म्हणून गणितातला करार कोणत्या काळातला, ते आधी वाचा.

प्रोजेक्टचा विषय आणि जीएसटी

कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहेत. त्यामुळे तेल काढणाऱ्या कंपनीनं सेवांवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्या विक्रीपुरतं मिळत नाही, ते खर्चातच मिसळतं. एलपीजी मात्र जीएसटीत आहे.

गावातल्या पंपावर चार दिवस बसून 'तेल व वायू लेखांकन' नावाचं प्रोजेक्ट देऊ नका. तो किरकोळ व्यापार आहे, त्यात शोध, साठा, डिप्लीशन काहीच नाही. पंपच घ्यायचा असेल तर शीर्षक 'इंधन विक्रीचं लेखांकन' ठेवा. मनमाडजवळच्या पानेवाडीहून परभणीपर्यंत टँकर येतो, त्याचं भाडं खरेदी किमतीत कसं बसतं ते दाखवा. परभणीचा पेट्रोलचा भाव वरचेवर बातम्यांत का येतो, हेही त्यातून कळेल. सोबत टाकीची रोजची डिप (पट्टीनं मोजलेली पातळी), उतरवतानाची डेन्सिटी, बाष्पीभवनाची घट, आणि पेट्रोलवरचा व्हॅट व ऑइलच्या डब्यावरचा जीएसटी यांची वेगवेगळी खाती जोडा.