पोस्टग्रेसचं छोटं अपडेट, हिशेबपट्ट्या छापून झाल्यावरच

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. आवृत्तीच्या क्रमांकात टिंबानंतरचाच आकडा बदलला असेल, तर डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, काढून पुन्हा भरायची गरज नसते. नवं पॅकेज टाका, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं.

पण आधी रिलीज नोट्स, म्हणजे त्या आवृत्तीत काय बदललं त्याची टिपणं, वाचा. मी हे कंटाळा करून टाळायचो. जून २०२२ मध्ये १४.४ आली, ती चौदाव्या आवृत्तीत ‘कॉन्करंटली’, म्हणजे चालू काम न थांबवता, बांधलेले इंडेक्स (डेटा पटकन शोधायच्या सूची) बिघडू शकत होते म्हणून. अपडेटने पुढचा धोका टळला, पण आधीच बिघडलेला इंडेक्स आपोआप सुधारत नाही. ‘रीइंडेक्स’, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायची आज्ञा, हातानेच चालवावं लागतं. हे फक्त नोट्समध्येच कळतं.

बॅकअप घ्याच, त्यावर वेगळं काय बोलायचं!

आणि वेळ सांभाळा. उबुंटूवर पॅकेज बदललं की सर्व्हर सहसा स्वतःच रीस्टार्ट होतो. मी एकदा भर दुपारी, सौदे चालू असताना अपडेट टाकलं. शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी अर्धी छापून अडकली, समोर शेतकरी ताटकळलेले, आणि शेठ माझ्याकडे बघतायत. आता रात्री आठनंतरच. शेवटी ‘सिलेक्ट व्हर्जन’ चालवून आवृत्तीचा आकडा बघतो, एक जुनी पट्टी छापून पाहतो, मगच शटर खाली.