सिडनीला पहिल्यांदा येणाऱ्या आईबाबांसाठी: उतरल्यापासून पहिले दोन दिवस

लेकीचं बाळंतपण असो नाहीतर नुसतं फिरायला म्हणून असो, मुंबई-पुण्याकडून सिडनीला पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेक आईबाबांचं दोन दिवसात मत होऊन जातं, की काय बाई हे गाव, रस्त्यावर माणूस दिसत नाही, थंडी केवढी, तुम्ही लोक राहता कसे इथे. आता यातलं निम्मं मत झोप न झाल्याचं असतं आणि उरलेलं तुम्ही कुठल्या वेळी कुठल्या सबर्बमध्ये येऊन पडलात त्याचं, त्यामुळे पहिले दोन दिवस जरा आखून घालवायचे आणि देशाला मार्क नंतर द्यायचे. खालचं सगळं आईबाबांसाठी आहेच, पण मुलांनीही वाचा, कारण अर्धी कामं तुमची आहेत.

सुरुवात बॅगेपासून. ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याच्या वस्तू, बिया, लाकूड, माती याबाबत फार कडक असतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या आणायच्याच नाहीत, हापूस तर विसराच. दुधाचं म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर यांच्यासुद्धा वाटेला जाऊ नका, भारतातून आलेलं दुधाचं साधारणपणे काढून घेतात. आणि मग येतात डिंकाचे लाडू. लेकीसाठी खपून केलेले असतात, डब्यात वर्तमानपत्राचा कागद घालून बसवलेले असतात, ते कचऱ्यात जाताना बघणं कुणालाच सोसत नाही, तर सरळ इथे येऊन करा, डिंक, खारीक, मेथी सगळं इथल्या इंडियन दुकानात मिळतं. मसाले, पापड वगैरे आणायचेच असतील तर दुकानातली सीलबंद, वर नाव छापलेली पाकिटं आणा, घरच्या पुरचुंड्या नकोत.

विमानात एक कार्ड भरायला देतात, इनकमिंग पॅसेंजर कार्ड. त्यात खाण्याचं काही आहे का असं विचारलेलं असतं तिथे बिनधास्त 'येस' करा. सांगितलेल्या वस्तूवर दंड नसतो, फार तर ती ठेवून घेतात, पण लपवलेली सापडली तर दंड होतो आणि काही प्रकरणांत व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर तेही सांगायचं, देवपूजेची सुपारी, मोरपीस, सगळंच. गेल्या तीस दिवसांत शेतावर, गोठ्यात गेला होतात का असाही एक प्रश्न असतो, म्हणजे निघण्याआधी गावी जाऊन आला असाल तर ते लिहायचं आणि ज्या चपला चिखलात घातल्या त्या धुऊन, घासून, वाळवूनच बॅगेत टाकायच्या. विमानातलं सफरचंद पर्समध्ये टाकून उतरायची सवय असेल तर तेवढं फक्त यावेळी नको. कार्ड इंग्रजीत असतं, म्हणून मुलांनो, नमुना नेटवरून काढून आधीच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि फोनवर एकदा भरून घ्या.

औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्शुलिन किंवा वेळेवरच्या गोळ्या असतील तर वेळा कशा सरकवायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि मेडिकल इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसू नका हो, भारतातल्या पाहुण्यांना इथलं मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना) लागू नाही.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चाला, सिंगापूरला किंवा क्वालालंपूरला विमान बदलायचं असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्यात लाज कसली.

आता उतरणं. सिडनी एअरपोर्टला रात्री ११ ते सकाळी ६ कर्फ्यू असतो, म्हणजे त्या वेळात बहुतेक विमानं उतरत-उडत नाहीत, त्यामुळे सहा वाजले की विमानांची रीघ लागते आणि इमिग्रेशनला लांब रांग, तेव्हा घाबरायचं नाही. गंमत म्हणजे इथे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा आपल्या अंगाच्या घड्याळात रात्रीचे दोन, इथल्या उन्हाळ्यात तर एक. (ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत फरक साडेपाच तासांचा, बाकी साडेचार.) म्हणजे ज्या वेळी घरी तुम्ही घोरत असता त्या वेळी तुम्ही एका नव्या देशाकडे पहिल्यांदा बघताय, मग तो रुक्षच दिसणार ना.

मुलं गाडी घेऊन आली तर उत्तमच. नाहीतर एअरपोर्टच्या खालूनच ट्रेन आहे, पाऊण तास टॅक्सीत बसण्यापेक्षा बरी, फक्त स्टेशनचा वेगळा चार्ज लागतो. तिकीट काढावं लागत नाही, कॉन्टॅक्टलेस (मशीनला टेकवून चालणारं) बँकेचं कार्ड आत जाताना टॅप आणि बाहेर पडतानाही टॅप. बाहेरचा टॅप विसरलात की भाडं जास्त कापतात.

घरी पोचल्यावर आंघोळ, वरणभात, आणि झोप आवरेनाच तर तासभर गजर लावून पडा. तासभर म्हणजे तासभरच, मुलांनो, दया येऊन झोपू देऊ नका. मग दहा-साडेदहानंतर बाहेर उन्हात चालायला न्या. पूर्वेकडे प्रवास केला की शरीराला अलीकडे सरकावं लागतं, आणि त्याला मदत होते ती उशिराच्या सकाळच्या उजेडाची, सात-आठचं लख्ख ऊन पहिल्या दोन दिवसांत उलट घड्याळ चुकीच्या दिशेला ढकलतं. पहिल्या रात्री दमल्यामुळे झोप लागते. खरी फजिती दुसऱ्या रात्री, दोन वाजले तरी डोळे टक्क, कारण भारतात तेव्हा साडेआठ नाहीतर साडेनऊच झालेत आणि जेवून टीव्ही बघायची वेळ आहे. पडून राहा, मोबाईल नको, दुपारी चारनंतर चहा नको (हे कुणी ऐकत नाही, माहितीये). साधारण रोज एक तास या हिशोबाने चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते.

घरात काय वेगळं लागेल ते आधीच सांगून ठेवते. जेट स्प्रे नसतो, मुलांनी तो बसवून घ्या नाहीतर एक मग ठेवा, यावरून पहिल्याच दिवशी नाराजी नको. नळाचं पाणी थेट प्यायचं. व्होल्टेज आपल्यासारखंच, फक्त पिना तिरक्या, म्हणून एक ॲडॉप्टर पुरतो. जून-जुलैत येत असाल तर स्वेटर बॅगेत तळाशी नाही, हातात ठेवा, ऑस्ट्रेलिया म्हणजे गरम असं डोक्यात असतं पण सिडनीत रात्री आठ-नऊ डिग्री होतं आणि इथली जुनी घरं आतून गार पडतात. उलट डिसेंबरात वारा गार असला तरी ऊन भाजून काढतं, टोपी हवीच.

संध्याकाळच्या फेरीत रस्ते रिकामे असतात हे खरं, सबर्बमधली बरीच दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात. त्यापेक्षा वर बघा. पांढरे काकाकुवे थव्याने कर्कश ओरडत जातात आणि आपल्या पांढऱ्या शराटीचा सख्खा भाऊ शोभेल असा पक्षी कचऱ्याच्या डब्यात चोच घालून निवांत जेवत असतो. बाबांना अजून एक काम द्या, दुपारी बाराला सूर्य कुठे आहे ते बघायचं. उत्तरेला असतो. वास्तुशास्त्रावर अर्धा तास आरामात निघतो.

रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबायचं, टकटक आवाज जोरात सुरू झाला की जायचं, गाड्या डावीकडूनच चालतात त्यामुळे तेवढी एक सवय कामी येते. इमर्जन्सीचा नंबर ०००, फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, सोबत घरचा पत्ता इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी हॅरिस पार्कला न्या, पॅरामॅटाच्या शेजारी. चाट, डोसा, वडापाव, दुकानात चालत्या-बोलत्या बायका, सगळा गोंगाट परत मिळतो आणि आईचा चेहरा सुधारतो. शनिवार-रविवार असेल तर ट्रेननेच जा, पार्किंगची बोंब असते.