उभा पियानो पाठीवर झोपवायचा आणि परत उभा करायचा कसा?

चाकं बदलायची असोत की बुडाची फळी दुरुस्त करायची, पियानो पाठीवर झोपवावा लागतोच. ‘चार धट्टीकट्टी माणसं बोलवा आणि जोर लावा’ हा सल्ला मात्र विसरा. इथे जोरापेक्षा तोल महत्त्वाचा. वजन साधारण २०० ते ३०० किलो, आणि बिडाची चौकट, तारा, जाड खांब असं बरंचसं मागच्या बाजूला.

आधी झाकण, पुढच्या फळ्या, ॲक्शन (तारांवर हातोड्या मारणारी यंत्रणा) आणि वाजवायच्या पट्ट्या काढा. यानंतर पियानो हलका होतो, पण जास्त धोकादायकही होतो, कारण काढलेलं वजन पुढचं असतं आणि तोल आणखी मागे सरकतो. अशा पियानोमागे एकट्याने कधीही उभं राहू नका.

मागे त्याच्या उंचीहून जास्त जागा मोकळी करा. वरची तुळई जिथे टेकेल तिथे साधारण १० सेंमी जाडीचा लांब ओंडका ठेवा. साउंडबोर्डवर, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या मागच्या पातळ फळीवर, भार नको, आणि बोटं आत-बाहेर जायला फट हवी. मागच्या चाकांना पुढच्या बाजूने पाचरी लावा. दोघांनी मागून वरचा भाग पेलत हळूहळू खाली घ्यायचा, तिसऱ्याने पुढून पट्ट्यांखालचा जाड पाट धरून ठेवायचा. शोभेचे पाय धरू नका.

खरी परीक्षा उभं करताना. मला हे जमायला बराच वेळ लागला. सुरुवातीला भार सगळ्यात जास्त असतो, मग कमी कमी होत जातो, आणि तोलाच्या बिंदूजवळ पियानो जवळजवळ वजनहीन वाटतो. नेमकं तिथेच लोक ‘आलाच’ म्हणत शेवटचा धक्का देतात. तो बिंदू ओलांडला की पियानो स्वतःच पुढे येतो, पुढच्या चाकांवर आदळतो आणि पायांचे सांधे तडकतात. म्हणून हात हलका झाला की ढकलणं थांबवा. तिथून पुढे काम पुढच्या माणसाचं: पाट मागे रेटत पियानो सावकाश टेकवायचा. हुकूम एकानेच द्यायचा, बाकीच्यांनी गप्प. पाचरी आताही हव्यात, कारण ढकलताना बूड पुढे निसटतं.

हातातून सुटलाच तर सावरायला जाऊ नका, बाजूला व्हा. लाकूड दुरुस्त होतं.

चारही चाकं टेकल्यावर पाचरी काढा, पियानो भिंतीला लावा आणि पट्ट्या, ॲक्शन बसेपर्यंत तिथून हलवू नका.