स्मार्टवॉचवर हृदयगती नीट कशी मोजावी आणि त्या आकड्यावर कधी विश्वास ठेवावा

स्मार्टवॉचला हृदय दिसत नाही, त्याचे ठोकेही ऐकू येत नाहीत. त्याला दिसतो तो फक्त कातडीतून परत येणारा प्रकाश. एवढं ध्यानात ठेवलं, तर पट्टा कुठे बांधायचा, कोणता आकडा मानायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे आपलं आपल्यालाच कळू लागतं. म्हणून घड्याळ बांधण्याआधी एक छोटा प्रयोग करा.

पायरी 1: आपलं रक्त उजेडात बघा

अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर क्षणभर बोट ठेवा. टॉर्चचा उजेड पांढरा, पण बोट लालभडक दिसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेतं, लाल मात्र बराचसा जाऊ देतं. आता फ्लॅश सुरू ठेवून कॅमेऱ्यावर बोट अलगद टेकवा आणि व्हिडिओ काढा. हात स्थिर असेल, तर पडद्यावरचा लाल रंग ठेक्यात किंचित गडद, किंचित फिका होताना दिसेल. ती तुमची नाडी आहे. कितीही वेळा पाहिलं तरी मला याचं नवल वाटतं.

हृदयाचा ठोका पडला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते. रक्त वाढलं की जास्त प्रकाश शोषला जातो, लाट ओसरली की कमी. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे सेकंदाला अनेक वेळा लुकलुकतात आणि शेजारचा सेन्सर परतलेला प्रकाश मोजतो. दोन लाटांमधलं अंतर कळलं की मिनिटाचे ठोके काढता येतात. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. ती घड्याळांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. आल्रिक हर्ट्झमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1937 मध्येच हातापायांच्या बोटांवर असं मापन केल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

मग हिरवाच दिवा का? साधारण 530 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश रक्त चांगलं शोषतं आणि तो फार खोल जात नाही. त्यामुळे आतले स्नायू आणि शिरा हलल्याचा गोंधळ त्यात कमी मिसळतो. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश अधिक खोल जातो. तो रक्तातला ऑक्सिजन मोजायला कामी येतो. काही घड्याळं तुम्ही स्वस्थ असताना हृदयगतीसाठीही डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड वापरतात, त्यामुळे हिरवा दिवा दिसला नाही म्हणजे मोजणी बंद पडली असं समजू नका.

मात्र परतणाऱ्या प्रकाशातला नाडीमुळे होणारा चढउतार जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, कधी त्याहूनही कमी असतो. पुढच्या सगळ्या सूचना एवढीशी लाट जपण्यासाठीच आहेत.

पायरी 2: घड्याळ योग्य जागी बांधा

मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कोपराच्या दिशेला. हाडावर घड्याळ टेकलं की ते डुगडुगतं, खाली फट राहते आणि बाहेरचा उजेड आत शिरतो. हात झटकून बघा: घड्याळ कातडीवरून घसरता कामा नये. पण आवळूनही टाकू नका. फार दाब पडला की त्या जागेचं रक्तच बाजूला सरतं आणि लाट सपाट होते. घड्याळ काढल्यावर खोल वळ उमटत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर पट्टा एक भोक सैल करा. व्यायामाला एक भोक घट्ट आणि नंतर पुन्हा सैल, ही सवय चांगली.

नाडी मनगटाच्या आतल्या बाजूला लागते, म्हणून घड्याळ तिकडे फिरवायची गरज नाही. ते धमनी शोधत नाही, कातडीतल्या सूक्ष्म वाहिन्या बघतं, आणि त्या मनगटाच्या वरच्या बाजूलाही असतातच.

घड्याळाची पाठ आणि मनगट पुसून घ्या. घाम आणि क्रीमचा थर प्रकाश अडवतो. गोंदण असेल तर दुसरा हात वापरा, कारण शाई प्रकाश शोषून घेते. गडद त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही हिरवा प्रकाश शोषतं. घड्याळ त्यावर दिव्यांची तीव्रता वाढवतं, तरी सिग्नल क्षीण राहू शकतो. अशा वेळी पुढची पायरी मुळीच टाळू नका.

पायरी 3: बोटांनी नाडी मोजून पडताळा

पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर टेकलेला, बोलणं बंद. घड्याळावर मोजणी सुरू करा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताची तर्जनी व मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली ठेवून नाडी मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते. पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते.

तीन-चार ठोक्यांचा फरक चालेल. घड्याळ गेल्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते थोडं मागे राहणारच. फरक रोजच दहा-पंधराचा येत असेल, तर आधी पट्टा आणि जागा तपासा.

पायरी 4: व्यायामात आकडा पारखून घ्या

खरी कसोटी इथे. हात हलला की घड्याळ हलतं, कातडीतलं रक्तही हेलकावतं, आणि हा हेलकावा नाडीच्या लाटेपेक्षा मोठा असू शकतो. घड्याळातला ॲक्सेलरोमीटर हालचाल टिपतो आणि गणित ती वजा करायचा प्रयत्न करतं. धावताना मिनिटाला 160-170 पावलं पडत असतील, तर कधीकधी घड्याळ पावलांचा ठेकाच हृदयाचा ठेका समजून बसतं. आरामात, गप्पा मारत धावताय आणि आकडा 168 वर चिकटलाय, तर शंका घ्या. थांबा, लगेच बोटांनी 15 सेकंद नाडी मोजा. इथे चारने गुणलेलं चालेल, कारण थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात आणि मिनिटभर वाट बघता येत नाही.

थंडीत कातडीतल्या वाहिन्या आक्रसतात, म्हणून आधी दहा मिनिटं अंग तापवा. वजनं उचलताना, जोर मारताना मनगट वाकतं. तिथला आकडा मी तरी मानत नाही. अचूक नोंद हवी असेल तर छातीपट्टा घ्या. तो प्रकाश नव्हे, हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. त्याचे कातडीला टेकणारे इलेक्ट्रोड आधी ओले करायला विसरू नका.

पायरी 5: नाडी आणि हृदय यांतला फरक ओळखा

हिरवा दिवा मनगटापर्यंत पोचलेले ठोके मोजतो. एट्रियल फिब्रिलेशनसारख्या हृदयाच्या लयीतल्या अनियमिततेत काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत येतच नाही, आणि घड्याळ खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतं. ईसीजीची सोय असलेल्या घड्याळात दुसऱ्या हाताचं बोट धातूच्या भागावर ठेवलं की दोन हातांमधला विद्युत मार्ग पूर्ण होतो आणि हृदयाचा आलेख निघतो. ती मोजणी वेगळी आणि लय तपासायला उपयोगी आहे, पण हृदयविकाराचा झटका तिच्यावरून ओळखता येत नाही.

प्रौढांची आरामातली गती साधारण 60 ते 100 असते, कसलेल्या धावपटूंची 40 च्या घरातही. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तुमची नेहमीची पातळी कोणती आणि ती बदलली का, हे बघा. छातीत दुखतंय, दम लागतोय, भोवळ येतेय, तर घड्याळ काहीही दाखवो, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. त्रास काहीच नाही, पण आकडा वारंवार विचित्र येतोय, तर तीन गोष्टी लिहून डॉक्टरांकडे न्या: वेळ, तेव्हा तुम्ही काय करत होतात, आणि बोटांनी मोजलेली नाडी.