सर्व्हर उभा राहिल्यानंतरचा व्यवसाय

भोसरी आणि चाकण परिसरातील लहान कारखान्यांना तयार क्लाउड संच पुरवण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आहे. हिशेब आणि मालसाठ्यासाठी ईआरपीनेक्स्ट, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, त्यांच्या जोडीला रोजचा बॅकअप आणि देखरेख, असा हा संच एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई विभागात प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र उभा केला जातो. ग्राहकाचे नाव, डोमेन आणि वापरकर्त्यांची संख्या एका फायलीत भरली की ओपनटोफू हे साधन सर्व्हर, डिस्क अशी यंत्रणा उभारते, अ‍ॅन्सिबल त्यावर सॉफ्टवेअर बसवते आणि अर्ध्या तासात लॉगिनचे पान उघडते. या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण मला बहुधा या अर्ध्या तासाबद्दलच विचारतात. ग्राहक मात्र दरमहा पैसे मोजतो ते त्यानंतरच्या काळासाठी, आणि माझ्या स्क्रिप्ट नेमक्या तिथे अपुऱ्या होत्या.

सुरुवातीच्या एका ग्राहकाच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि डेटाबेस बंद पडला. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नवी मशीन उभी केली, डेटाबेस आणि फायली परत आणल्या; लोकांना लॉगिन करता आले, बिले दिसू लागली. दुपारी त्यांच्या लेखापालांचा फोन आला, की बिलांचे ईमेल कोणालाच पोचत नाहीत. ईआरपीनेक्स्ट ज्या फ्रॅपे चौकटीवर चालते, तिच्यात ईमेल खात्यांचे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवले जातात आणि ते उलगडण्याची किल्ली साइटच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायलीत असते. माझी बॅकअपची स्क्रिप्ट ती एक फाइल उचलतच नव्हती. जुनी मशीन मोडून टाकल्याने जुनी किल्ली तिच्या डिस्कबरोबर गेली होती, त्यामुळे प्रत्येक खात्याचा पासवर्ड ग्राहकाकडून मागवून पुन्हा भरावा लागला, आणि तो दिवस मालकांनी माझ्यावर एका शब्दानेही न चिडता काढला, याचे मला आजही मोल वाटते.

तेव्हापासून बॅकअप घेण्याइतकेच तो परत आणण्याचे कामही आम्ही स्वयंचलित केले. दर रविवारी रात्री एका ग्राहकाच्या बॅकअपमधून नवी मशीन उभी राहते, शेवटच्या बिलाचा क्रमांक मूळ सर्व्हरशी ताडून पाहिला जातो, एका ईमेल खात्याचा पासवर्ड उलगडतो का ते तपासले जाते आणि मग मशीन मोडून टाकली जाते. खर्च नगण्य असतो. जे ग्राहक कंपनी म्हणून नोंदलेले आहेत, त्यांना तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीने घातले आहे. विक्रीच्या पहिल्या भेटीत मी याच मुद्द्यापासून सुरुवात करतो.

संच सर्वांसाठी एकच ठेवणे सर्वांत कठीण जाते. “आमच्यापुरते एवढे करून द्या” अशी विनंती आली की सर्व्हरवर जाऊन हाताने बदल करण्याचा मोह होतो, आणि अ‍ॅन्सिबल पुढच्या वेळी चालले की तो बदल पुसला जातो. म्हणून बदल एकतर सर्वांच्या संचात जातो किंवा त्या ग्राहकाच्या स्वतंत्र फ्रॅपे अ‍ॅपमध्ये; तिसरी जागा आम्ही ठेवलेली नाही. ओपनटोफूची स्टेट फाइलही, म्हणजे उभारलेल्या यंत्रणेची नोंद, प्रत्येक ग्राहकाची वेगळी असावी आणि ती सांकेतिक रूपातच साठवावी, कारण तिच्यात पासवर्ड उघडे दिसू शकतात. पूर्वी आम्ही टेराफॉर्म वापरत होतो; ओपनटोफू हे त्यातूनच निघालेले मुक्त-स्रोत साधन. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर, दुसऱ्याच्या परवान्यावर आपला व्यवसाय किती अवलंबून ठेवायचा याचा विचार करून आम्ही ओपनटोफूकडे वळलो.

दर ठरवताना बारीक खर्च जरूर मोजावेत. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकासाठी, ताशी ०.००५ डॉलर घेते, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन डॉलर. ग्राहक वाढले की हा आकडा बिलात ठळक दिसू लागतो. एडब्ल्यूएसवरील प्रत्येक सर्व्हर, डिस्क आणि प्रतीवर ग्राहकाच्या नावाचा टॅग नसेल, तर सोडून गेलेल्या ग्राहकाच्या डिस्कच्या प्रतींचे पैसे आपण नकळत भरत राहतो. अपग्रेड आम्ही महिन्याच्या २० तारखेनंतरच करतो, कारण ११ आणि २० या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखांपूर्वी लेखापालांचे काम अडले तर त्यांचा आपल्यावरचा विश्वास जातो.

गेल्या वर्षी एका ग्राहकाने स्वतःचा सर्व्हर घेऊन आमची सेवा थांबवली. डेटाबेस, फायली आणि ती किल्लीची कॉन्फिग फाइल असा पूर्ण बॅकअप आम्ही त्यांच्या नव्या पुरवठादाराला दिला आणि शेजारी बसून तो परत आणून पाहिला. नव्या सर्व्हरवरून पहिले बिल ईमेलने गेल्याची खात्री झाल्यावरच आम्ही त्यांची आमच्याकडची यंत्रणा मोडली.