रात्रशाळेत आलेल्या मुलांना शाळा आपली वाटावी म्हणून

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये, लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत किंवा घरकामाला जाणारी जी मुले-मुली रात्रशाळेतून पुन्हा दहावीच्या वाटेला लागतात, त्यांच्या गाठीशी शाळा एकदा सुटल्याचा अनुभव असतो. अभ्यास मागे पडल्याची धास्ती त्यांना असतेच. पण आपण इथे कोणाला नकोसे तर नाही ना, ही शंका त्याहून आधी मनात येते. ती वेळेत फिटली नाही, तर शिकवणे कितीही चांगले असले तरी मूल टिकत नाही. म्हणून वर्गशिक्षकांनी सुरुवात हजेरीपटापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तास सुरू होताच हजेरी घेतली, तर कामाची पाळी लांबल्यामुळे धावतपळत आलेला मुलगा गैरहजर ठरतो. त्यामुळे हजेरी पहिल्या तासाच्या शेवटी घ्यावी. ऑइलने काळे झालेले हात घेऊन तो दारात उभा राहिला, तर सर्वांदेखत उशिराचे कारण विचारू नये. “हात धुऊन ये, बस,” एवढेच म्हणावे आणि नळाजवळ साबण कायम असेल याची काळजी घ्यावी. झालेला भाग त्याला वहीत दाखवण्याचे काम शेजारी बसणाऱ्याकडे आधीच सोपवलेले असावे. एखादी मुलगी सलग दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी शिक्षकांनी स्वतः फोन करावा, निरोपावर भागवू नये. आणि फोनवर पहिली चौकशी तब्येतीची व घरची करावी, अभ्यासाची नंतर. आपण आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले, ही गोष्ट या मुलांना फार मोलाची वाटते.

वर्गशिक्षकांवरच सगळा भार टाकणे योग्य नाही. प्रत्येक शिक्षकाने मोजकी मुले आपल्याकडे घ्यावीत, त्यांच्या कामाच्या वेळा, सुट्टीचा वार आणि घरी जाण्याची वाट माहीत करून घ्यावी. मुलींच्या बाबतीत शेवटचा तास परतीची बस पाहूनच ठरवावा. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळावी म्हणून मालकाला भेटायचे असेल, तर आधी विद्यार्थ्याची संमती घ्यावी, कारण आपण शिकतो हे कामावर सांगितलेले नसण्याची शक्यता असते. मनावरचा ताण शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचा वाटला, तर मदत मागता यावी म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हे क्रमांक वर्गात दिसतील असे आधीच लावावेत.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे या शहरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाने शिकायचे तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय आधी लागली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. आज कामावरून थेट वर्गात येणाऱ्या मुलाला डबा खायला निवांत वेळ देणे, हे त्याच विचाराला धरून आहे.

सतरा नंबरचा अर्ज भरून, म्हणजे शाळेत प्रवेश न घेता, दहावीला खासगीरीत्या बसणाऱ्यांची स्थिती याहून अवघड असते, कारण त्यांना रोजचा वर्गच नसतो. अशा मुलांचे संपर्क केंद्र असलेल्या शाळेने त्यांना केवळ अर्ज, तोंडी परीक्षा आणि प्रवेशपत्रापुरते न बोलावता महिन्यातून एखादा रविवार ठरवून द्यावा, एका शिक्षकाचे नाव सांगावे आणि ग्रंथालय खुले ठेवावे.

निकालाच्या दिवशी नापास झालेल्यांना आधी फोन करावा. पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, किती विषय राहिले आणि त्यांची तयारी कोण करून घेणार, हे त्याच फोनवर ठरवावे. ज्यांना विषय एकेक करून सोडवणे सोयीचे आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, हेही सांगावे.